सावली, काजळी आणि ३१ मार्च

दिवाळी सरली, गारठा पडू लागला, की शिरूरच्या बाजारात सोलरच्या दुकानांतून एक प्रश्न हटकून ऐकू येतो: "थंडीत चालतं का हो हे?" विचारणाऱ्याचा भाचा नाहीतर पुतण्या बहुधा जर्मनीत किंवा इंग्लंडात असतो आणि त्याने फोनवर सांगितलेले असते, की डिसेंबरात तिकडचे पॅनल नुसते शोभेला असतात. त्याचे खोटे नाही. बर्लिन साडेबावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या दुपारी तिथला सूर्य क्षितिजावर जेमतेम १४ अंश चढतो आणि खाली उतरू लागतो. दिवस आठ तासांचाही भरत नाही. आपले दौंड साडेअठरा अंशांवर आहे, शिरूर त्याच्या किंचित वर. त्याच दुपारी दौंडला सूर्य ४८ अंशांवर असतो आणि दिवस जवळजवळ अकरा तासांचा. एवढ्या उंचीवरचा सूर्य बर्लिनकरांना एप्रिलच्या मध्यापर्यंत दिसत नाही. त्यामुळे पुतण्याचा अनुभव पुतण्यापाशीच राहू द्यावा.

आपल्याकडे पॅनलची खरी ओढाताण होते ती आषाढ-श्रावणात. चांगल्या बसवलेल्या एक किलोवॅटच्या संचातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात, हा हिशेब आता गावोगाव पाठ झाला आहे. हिवाळ्याच्या निरभ्र दिवसांत तो चार युनिटांचा आकडा आरामात गाठला जातो, फेब्रुवारीत ओलांडलाही जातो. जुलै-ऑगस्टात मात्र तो अडीच-तीनवर घसरतो. त्यातही हे दोन तालुके पर्जन्यछायेत असल्याने नशीबवान आहेत. मुळशीत आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही, तेव्हा दौंडला निदान दुपारी ढग फाटून तासभर ऊन पडते.

थंडीची भीती वाटण्यामागे एक गैरसमजही आहे. पॅनल उन्हाने 'तापून' वीज करतो, असे पुष्कळांना वाटते, म्हणून मे महिन्यात जास्त वीज आणि जानेवारीत कमी, असा सरळ हिशेब मांडला जातो. पॅनलला लागतो तो प्रकाश. प्रकाशाचे कण सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि प्रवाह सुरू होतो. उष्णता या कामात अडथळाच आणते. पॅनलच्या मागच्या पट्टीवर छापलेले वॅट हे सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. आता एप्रिलच्या दुपारी हवाच ३९-४० अंश असते आणि उन्हात पडलेला सेल हवेपेक्षा पंचवीस-तीस अंशांनी जास्त तापतो. म्हणजे सेल ६५ अंशांवर, आणि चौदा टक्के वीज नुसत्या तापण्यात गेली. जानेवारीत दुपारची हवा २८-२९ अंश, सेल पंचावन्नच्या आत, वर उत्तरेकडचा गार वारा. चार-पाच टक्के तिथेच वाचतात. हवाही कोरडी, स्वच्छ. फेब्रुवारीत सूर्य वर सरकू लागतो आणि वारा अजून गारच असतो, त्या दिवसांत इन्व्हर्टरच्या पडद्यावर दुपारी दिसणारा आकडा वर्षातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी असतो.

मग हिवाळ्यात काळजी कशाची करायची? दिवस जूनपेक्षा दोन-सव्वादोन तासांनी लहान असतो, हे एक. त्यावर उपाय नाही आणि तक्रारही करण्यात अर्थ नाही. दुसरे कलाचे. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून पॅनलही दक्षिणेला तोंड करून, आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे अठरा-वीस अंश कललेला असावा. २२ डिसेंबरच्या दुपारी असा पॅनल थेट उन्हाचा ९२ टक्के भाग पदरात घेतो. तोच पॅनल गोठ्याच्या नाहीतर पोल्ट्रीच्या पत्र्यावर सपाट टाकला, तर ७४ टक्के. पत्र्यावर क्लँपने थेट पॅनल आवळून देणारे 'फ्रेमचा खर्च वाचला' म्हणून सांगतात. हा वाचलेला खर्च दर हिवाळ्यात थोडा थोडा वसूल होत राहतो. उलट स्लॅबच्या घरांवर आता आठ-आठ फूट उंच सांगाडे उभारायची पद्धत पडली आहे. खाली वाळवण घालता यावे, कुरडया-पापडांची जागा जाऊ नये, हा त्यामागचा घरच्या बायकांचा आग्रह. विक्रेते कुरकुरतात, पण हा आग्रह पॅनलच्याही हिताचा ठरतो. तो कसा, ते पुढे येईलच. फक्त सांगाड्याचे पाय वळवाच्या वाऱ्याला टिकतील असे काँक्रीटमध्ये धरलेले हवेत.

हिवाळ्यातले खरे प्रकरण सावलीचे आहे, आणि त्यावर जरा थांबले पाहिजे.

बहुतेक घरांवर पॅनल चढतात ते मार्च ते जून या काळात, कारण उन्हाळ्याचे बिल हातात आले की सोलरची आठवण होते. विक्रेत्याचा माणूस मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर येतो, चारी बाजूंनी फोटो काढतो आणि सांगतो, "सावलीचा काही प्रश्नच नाही." त्या क्षणी तो खरेच बोलत असतो. मेच्या मध्याला आपल्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो आणि टाकीची सावली टाकीच्या बुडाशी गोळा झालेली असते. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेकडच्या टाकीचा पॅनलला काडीचा उपद्रव होत नाही.

डिसेंबरात सगळे उलटते. एक हिशेब करून पाहू. आपली घड्याळे मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतात, म्हणून दौंड-शिरूरचा खरा मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होतो. २२ डिसेंबरला त्या वेळी कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या नऊ-दशांश पडते, सरळ उत्तरेला. सकाळी साडेनवाला ती उंचीच्या पावणेदोनपट असते, वायव्येला. दुपारी साडेचारला तिप्पट. आता गच्चीवरची जिन्याची खोली आठ फूट आणि तिच्यावर चार फुटांची टाकी, अशी बारा फुटांची उंची धरा, शिरूर-दौंडकडच्या कितीतरी घरांवर असते तशी. साडेबाराला तिची सावली अकरा फूट, साडेनवाला एकवीस फूट, साडेचारला सदतीस फूट. सदतीस फूट म्हणजे बऱ्याच घरांची अख्खी गच्ची. मे महिन्यात जागा 'मोकळी' दिसली म्हणून जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला बसवलेले पॅनल डिसेंबरात निम्मा दिवस सावलीत असतात, आणि घरमालक दोष थंडीला देतो.

आणि सावली जेवढी पडते तेवढेच नुकसान, असेही नसते. पॅनलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात आणि सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. ठिबकच्या नळीवर एका जागी पाय पडला की पुढचे सगळे ड्रिपर कोरडे राहतात, तसेच इथे होते. सावलीतला एक सेल बाकीच्यांचा प्रवाह अडवतो. वरून तो अडवलेला प्रवाह त्याच सेलमध्ये उष्णता होऊन साठतो आणि कालांतराने तिथे तपकिरी डाग पडतो. हे टाळण्यासाठी पॅनलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. सावली पडलेला तिसरा हिस्सा बाजूला टाकून बाकीच्याला ते वाट देतात. म्हणजे डिश अँटेनाच्या दांड्याची दोन बोटे रुंद सावली पडली, तरी पॅनलचा एक-तृतीयांश भाग गेला असे होऊ शकते. हल्ली मिळणारे अर्ध्या सेलचे पॅनल या बाबतीत बरे, कारण त्यांचे वरचे आणि खालचे अर्धे स्वतंत्र चालतात. सावली खालून वर सरकत असेल तर निदान वरचा अर्धा जागा राहतो. प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावण्याचीही सोय आहे, पण ती महाग पडते. माझे मत विचाराल तर आधी टाकी हलवावी. टाकी हलवायला गवंडी आणि प्लंबरची एका दिवसाची मजुरी लागते.

उंच सांगाड्याचा फायदा इथे कळतो. सावलीच्या हिशेबात टाकीची पूर्ण उंची धरायची नसते, पॅनलपेक्षा ती जेवढी वर निघते तेवढीच धरायची. पॅनल आठ फुटांवर गेले, की बारा फुटांची टाकी त्यांच्यापुरती चारच फुटांची उरते आणि साडेनवाची एकवीस फुटांची सावली सात फुटांवर येते. कुरडयांसाठी धरलेला हट्ट असा कामी येतो.

पॅनल अजून बसवायचे असतील, तर हिवाळ्यातच जागा ठरवावी. लोक संक्रांतीला उत्तरायण सुरू झाले म्हणतात. सूर्य प्रत्यक्षात वळतो तो २१-२२ डिसेंबरला. पण सावलीच्या दृष्टीने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून संक्रांतीपर्यंत फारसा फरक पडत नाही. यातला कोणताही निरभ्र दिवस पकडावा, घरात शाळेला जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून खडू घ्यावा आणि साडेनऊ, साडेबारा, साडेतीन या तीन वेळांना गच्चीवरच्या सावलीची कड आखून ठेवावी. टाकी, कठडा, जिन्याची खोली, शेजारचा नारळ, सगळ्यांची. तिन्ही रेघांच्या बाहेर जी फरशी कोरी राहील, तिच्यावर पॅनल. विक्रेता मे महिन्यात आला तरी खडूच्या जागी आधीच रंगाची रेघ मारून ठेवलेली असावी. शेजाऱ्याने दक्षिणेला आणखी मजला चढवला तर मात्र खडू काही करू शकत नाही.

सावलीनंतर काजळी. ही गोष्ट या दोन तालुक्यांत जितकी जाणवते तितकी पुण्यात जाणवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाचा हंगाम सुरू होतो. दौंड तालुक्यात राहू, केडगाव, यवत या पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. त्यांची चुलाणे पेटतात आणि चिमण्यांतून काळी भुकटी हवेत जाते. कारखान्यांच्या चिमण्याही याच वेळी चालू होतात. तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवले जाते. नदीकाठच्या वीटभट्ट्याही पावसाळा संपल्यावरच लागतात. वर थंडीमुळे सकाळची हवा जड होऊन खाली बसलेली, धूर वर निघून जायला वाटच नाही. आणि पाऊस तर आता थेट पुढच्या वळवापर्यंत नाही. पावसाळ्यात पॅनल आपोआप धुतले जातात. ऑक्टोबर ते मे हे काम आपल्यालाच करावे लागते.

राहूच्या बाजूला एखाद्या गच्चीवर सकाळी पॅनलवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला लागते ती शेतातली कोरडी तांबूस धूळ नसते. तिच्यात उसाच्या चिपाडाची राख असते, तेलकट काजळी असते, आणि रात्रीच्या दवाने हे सगळे कालवून काचेच्या खालच्या कडेला त्याची पट्टी बसवलेली असते. उन्हाने ती वाळते, दुसऱ्या रात्री पुन्हा भिजते, पुन्हा वाळते. आठ-पंधरा दिवसांत ती नुसत्या पाण्याने निघेनाशी होते. ही खालची पट्टी दिसायला बोटभर असते, पण ती सेलच्या शेवटच्या ओळीवर चढली की वर सांगितलेले डायोडचे प्रकरण सुरू होते. महिनाभर न पुसलेल्या पॅनलची पाच-दहा टक्के वीज धुळीत जाणे आपल्याकडे नवलाचे नाही. गुऱ्हाळाच्या वाऱ्याखाली घर असेल तर त्याहून जास्त.

पुसायचे कसे, यात थोडी अक्कल लागते. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याचा फवारा मारू नये. या भागात बोअरचे पाणी क्षाराचे. ते काचेवर वाळले की पांढरे ठिपके उरतात आणि ते काजळीहूनही चिवट असतात. नळाचे, पावसाचे साठवलेले किंवा फिल्टरचे पाणी वापरावे, आणि बोअरचेच वापरायचे तर रबरी वायपरने लगेच निपटून घ्यावे. दव भरपूर पडलेल्या सकाळी पाण्याचीही गरज नसते: काच आधीच भिजलेली असते, लांब दांड्याला मऊ कापड बांधून वरून खाली एक हात फिरवला की पुरे. तारेची घासणी नको, डिटर्जंटचा फेस नको. पॅनलवर पाय देऊन उभे राहणे तर अजिबात नको. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला केसासारख्या चिरा जातात आणि त्या दिसत नाहीत. पुसण्याचा उपयोग किती झाला हे पाहायचे असेल, तर पुसण्याआधीचा एक निरभ्र दिवस आणि नंतरचा एक, यांची युनिटे इन्व्हर्टरच्या ॲपवर शेजारी शेजारी ठेवावीत. किती दिवसांनी पुसावे याचे उत्तर तिथे मिळते, ते दर घराला वेगळे असते.

धुक्याचा बाऊ मात्र करू नये. भीमेच्या काठाने, विशेषतः उजनीच्या फुगवट्याकडच्या गावांत, डिसेंबरच्या सकाळी धुके दाटते. ते नऊपर्यंत विरते, आणि नऊच्या आधी पॅनल जी वीज करतो ती दिवसाच्या मानाने चिमूटभरच असते.

आता घरातल्या वापराकडे. हिवाळ्यात पंखे, कूलर बंद. दिवसाचा वापर खाली येतो. वाढतो तो एकच खर्च, पहाटेच्या अंघोळीचा, आणि तो अशा वेळी की पॅनल अजून अंधारात आहेत. वीस लिटरची एक बादली १८ अंशांवरून ४२ अंशांवर आणायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. घरात पाच माणसे असली की अंघोळी उरकेपर्यंत पावणेतीन-तीन युनिट गेली, म्हणजे एक किलोवॅटच्या पॅनलची पाऊण दिवसाची कमाई. म्हणून ज्यांच्याकडे आधीपासून पाणी तापवायचा नळ्यांचा सोलर आहे (गावात 'सोलर' म्हटले की अजूनही तोच समजतात), त्यांनी वीज करणारे पॅनल आले म्हणून तो काढून गीझर लावू नये. त्या नळ्या ऊन थेट पाण्यात उतरवतात, निर्वात काचेमुळे थंड वाऱ्यातही उष्णता धरून ठेवतात, आणि तेवढ्याच उन्हातून वीज करून मग पाणी तापवण्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतात. त्यांचाही शत्रू क्षारच. वर्षातून एकदा टाकी आणि नळ्या साफ करून घ्याव्यात. बाकीची कामे, म्हणजे घरगुती चक्की, पाण्याची मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन, दहा ते तीनमध्ये उरकणे केव्हाही चांगले.

इथपर्यंत जे लिहिले ते गावठाणातल्या घरांना लागू पडते. वस्तीवरच्या घराची गोष्ट निराळी आहे.

सध्या जे पॅनल अनुदानातून घरोघरी बसत आहेत ते बहुतेक 'ऑनग्रिड' असतात, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेले. लाईट गेली, की डोक्यावर भर ऊन असूनही इन्व्हर्टर पॅनल बंद करतो. हा दोष नाही, ही सुरक्षेची सक्ती आहे. नाहीतर लाईन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्या घरातून उलट आलेल्या विजेचा झटका बसेल. गावठाणाचा फीडर शेतीपासून वेगळा केलेल्या गावांत लाईट फारशी जात नाही, तिथे हे खपून जाते. मळ्यातल्या वस्तीवर वीज येते ती शेतीच्या फीडरवरून. रब्बीत गहू, कांदा, हरभरा आणि ऊस एकाच वेळी पाणी मागतात. सगळ्यांच्या मोटरी एका डीपीवर. व्होल्टेज पडते, फेज जातो, डीपी जळते. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेले तरी इन्व्हर्टर सुटतो. वर्षातले सर्वांत निरभ्र दिवस, आणि पडद्यावर शून्य. वस्तीवर राहणाऱ्याने म्हणून नुसता ऑनग्रिड संच घेण्याआधी दहादा विचार करावा. बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर महाग असतो, पण इथे त्याला पर्याय नाही.

आणि वस्तीवर हिवाळ्याची रात्र नुसती गैरसोयीची नसते. शिरूर तालुक्यात ऊस आणि बिबट्या आता एकत्रच धरावे लागतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह तिघांचा जीव गेला आणि लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात बारे द्यायला माणूस उसाच्या कडेने बॅटरी हातात घेऊन फिरतो. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी या पट्ट्यात इतक्या पोटतिडकीने होते ती यामुळे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली ती याच मागणीला उत्तर म्हणून, आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक घोड नदीपलीकडे, शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला झाला. फीडर सौर प्रकल्पाला जोडला गेला की शेताची पाळी दिवसाची होते. तोपर्यंत घराच्या अंगणात, गोठ्यापाशी आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर उजेड ठेवणे तरी आपल्या हातात आहे. दहा वॅटचे चार दिवे तेरा तास जळले, तरी अर्धे युनिट होते. दीडशे अँपिअर-अवरची साधी ट्युब्युलर बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरली, आणि थंडीने तिची ताकद थोडी उतरलेली धरली, तरी एवढे सहज निभते. ती भरायला एक मोठा पॅनल पुरतो.

शेवटी पैशांकडे येऊ, कारण हिवाळ्याचा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग तिथे आहे.

नेट मीटरिंगमध्ये दिवसा जादा झालेली युनिटे लाईनवर जातात, रात्री आपण लाईनवरून घेतो, आणि महिन्याच्या बिलात एकातून दुसरे वजा होते. जादा उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात जमा होतात. हे सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते हे, की ही जमा फक्त आर्थिक वर्षापुरती चालते. ३१ मार्चला खाते मिटते, शिल्लक युनिटांचे पैसे ठरलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. १ एप्रिलला खाते पुन्हा शून्यावर.

आता हे आपल्या ऋतूंवर ठेवून पाहा. समजा, एका घरी दोन किलोवॅटचे पॅनल आहेत. एप्रिल-मेमध्ये महिन्याला २७० युनिट तयार होतात, कूलर-पंख्यांमुळे वापर ३००. दोन महिन्यांत ६० कमी. जून ते सप्टेंबर महिन्याला सरासरी १६५ तयार, वापर २३०. चार महिन्यांत २६० कमी. ऑक्टोबरात २३० तयार, २१० वापर, २० शिल्लक. नोव्हेंबर ते मार्च महिन्याला २४० तयार, १८० वापर, पाच महिन्यांत ३०० शिल्लक. वर्षाची बेरीज करा: तयार २,६३०, वापर २,६३०. तंतोतंत जमले, बिल शून्य यायला हवे. येत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हे घर ३२० युनिट पूर्ण दराने विकत घेते, आणि ऑक्टोबर ते मार्च जमवलेली तेवढीच ३२० युनिट मार्चअखेर पडत्या भावात जातात. खाते मार्चऐवजी सप्टेंबरात मिटत असते, तर हिवाळ्याची शिल्लक उन्हाळा-पावसाळ्याला पुरली असती. आर्थिक वर्ष ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सूर्य नव्हता, हे उघड आहे. कमी पडणारी युनिटे महिन्याला शंभराच्या आतली, सर्वांत स्वस्त टप्प्यातली असतात, त्यामुळे याने कोणाचे दिवाळे निघत नाही. पण 'वर्षभर बिल शून्य' असे सांगून संच विकणाऱ्याला हा तक्ता दाखवावा. स्थिर आकार तर शून्य वापरालाही भरावाच लागतो.

याचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. जानेवारीचे बिल आले की त्यावरचा जमा युनिटांचा रकाना वाचावा. तिथे दोन-अडीचशे युनिट साचलेली दिसली, तर ती मार्चपर्यंत घरातच खपवावीत. गॅसवरचा स्वयंपाक दोन महिने इंडक्शनच्या शेगडीवर न्यावा, एखादा सिलिंडर तरी वाचतो. मात्र दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारे टीओडी मीटर आता येत आहेत आणि त्याबरोबर जमा-वजावटीचे नियमही हलत असतात, म्हणून आपल्या उपविभागात जाऊन यंदाचा नियम आधी विचारून घ्यावा.

दुसरा उपयोग संच किती मोठा घ्यायचा हे ठरवताना होतो. २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे काही नाही. ७८,००० वर ते थांबते. विक्रेता तीन किलोवॅटचा आग्रह धरतो, कारण पूर्ण अनुदान तिथे मिळते. वरच्या घराने तिसरा किलोवॅट घेतला, तर पावसाळ्याची तूट भरून निघेल, पण हिवाळ्याची शिल्लक महिन्याला ६० ऐवजी १८० होईल आणि ती सगळी ३१ मार्चच्या तोंडी जाईल. घरात पुढच्या वर्षा-दोन वर्षांत विजेवरची दुचाकी येणार असेल, किंवा स्वयंपाक कायमचा विजेवर न्यायचा असेल, तर तिसरा किलोवॅट जरूर घ्यावा. नुसते अनुदान पुरे मिळते म्हणून घ्यायचा असेल, तर त्याच पैशात दोन किलोवॅटचा उंच सांगाडा आणि टाकी हलवण्याचा खर्च बसतो का, ते आधी पाहावे.